दुधाळ सीरम

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून नळ्या काढताना एका नळीवर माझा हात थांबला. सीरम, म्हणजे गोठलेलं रक्त खाली बसल्यावर वर उरणारं पाणी, फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. हे ताकासारखं पांढुरकं होतं. पोरगी दहा आठवड्यांची गरोदर. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर 126, म्हणजे 140 च्या आत. कागदावर सगळं ठीक.

"तर्री पोहे खाऊन आली असेल," सहकारी म्हणाला. शक्य होतं. म्हणून नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली. चरबी नुकत्याच खाल्लेल्या अन्नाची असली, तर सकाळी वर सायीचा थर धरतो आणि खालचं सीरम नितळतं. इथे साय धरलीच नाही, सगळं तसंच गढूळ. ही चरबी पोह्यांची नव्हती, यकृतानंच बनवून रक्तात सोडलेली होती.

न सांगितलेली तपासणी आम्ही परस्पर करत नाही. मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. लावताना धाकधूक होती, पण त्यांनी लगेच उपाशीपोटीचा नमुना मागवला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 438, फारच जास्त. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 34, कमी.

गरोदरपणात ट्रायग्लिसराइड वाढतंच, शेवटच्या तिमाहीत दुप्पट-तिप्पट होतं. ती बाळासाठीची तरतूद. पण दहाव्या आठवड्यात एवढं नाही. असं असलं की पुढे गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका वाढतो. चरबीनं लादलेले स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात वारेची संप्रेरकं त्यात भर घालतात. प्रत्येकीला मधुमेह होतो असं नाही, पण नजर ठेवावी लागते.

तिच्या सासूबाई काटोलकडच्या. घरची संत्री, रोज दोन ग्लास रस, वरून साखर, शिवाय डिंकाचे लाडू. डॉक्टरांनी रस बंद केला, खायचंच तर आख्खं संत्रं खा म्हणाले. त्या माझ्या काउंटरवर येऊन म्हणाल्या, "दोन जिवाची हाये जी ते. रस नाही द्याचा त काय द्याचं?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. वरण, उसळ, भाजी, दही, एवढंच मी कसंबसं सांगितलं.

फेब्रुवारीत 24 वा आठवडा लागला आणि ती पुन्हा 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला आली. साखर 171. ती रडायला लागली. "मॅडम, मी तर साखर सोडली होती, रोज चालत होते." मी तिच्याजवळ बसले. ही तिची चूक नव्हतीच. अंगात आधीपासूनच असलेली गोष्ट तीन महिन्यांच्या पथ्यानं पुरती जात नाही. पण डॉक्टर वाटच पाहत होते, त्यामुळे एक दिवसही वाया गेला नाही. दोन आठवडे नुसत्या आहारावर पाहिलं, जेवणानंतरची साखर 120 च्या खाली येईना, तेव्हा इन्सुलिन सुरू केलं.

जूनमध्ये मुलगी झाली, 2.9 किलोची. सहा आठवड्यांनी आई तपासणीला आली तेव्हा तिची दोन तासांची साखर 118 होती. ट्रायग्लिसराइड 210, अजून जास्तच. नात मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी दुसरा हात पुढे केला. "माह्यं बी पाहून घ्या जी."

त्यांचं रक्त काढलं, नळी फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तेच ताक.