मलबेरी रोवरचे खिळे आणि सूत

व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे मॉन्टिचेलो हे घुमटाचे घर आहे. ते मी झरझर पाहिले, कारण मला मलबेरी रोवर जायचे होते. घराखालच्या या वाटेवर गुलामांची खोपटी आणि कामाच्या जागा होत्या. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे जेफरसन यांच्या मालकीची होती.

प्रदर्शनातला एक खिळा मी बराच वेळ पाहत राहिले. दांडा चौकोनी, डोक्यावर हातोडीच्या ठोक्यांचे पैलू. असे खिळे मुलगे घडवत. जेफरसन यांच्या शेतीच्या वहीत नोंद आहे की दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी तान्ही बाळे सांभाळावीत, दहा ते सोळा या वयात मुलग्यांनी खिळे करावेत आणि मुलींनी सूत कातावे, सोळाव्या वर्षी शेतात जावे किंवा कसब शिकावे. लोहारकी, सुतारकी ही कसबे मात्र पुरुषांकडेच राहिली. बहुतेक बायांच्या वाट्याला शेत आले.

बाईवर आणखी एक ओझे होते. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरे. नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची सवय असलेल्या मला क्षणभर हा आईचा मान वाटला, पण मालकापासून झालेले मूलही मालकाचीच मालमत्ता ठरावे, ही ती सोय होती. दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई शेतावरच्या उत्तम पुरुषापेक्षा अधिक फायद्याची, असे जेफरसन यांनी १८२० मध्ये लिहिले. हे वाचून मला घृणा वाटली.

सॅली हेमिंग्ज या जेफरसन यांच्या गुलाम आणि त्यांच्या मुलांच्या आई; त्यांच्या खोलीत त्यांचे चित्र नाही, कारण ते कुठेच उपलब्ध नाही. पोशाखाच्या एका आकृतीवर सावली पडते, एवढेच. १७८७ मध्ये चौदाव्या वर्षी त्या जेफरसन यांच्या मुलीसोबत पॅरिसला गेल्या. फ्रान्समध्ये त्यांना स्वातंत्र्य मागता आले असते. मुलगा मॅडिसन यांनी १८७३ मध्ये सांगितले की, गरोदर असताना त्यांनी परतायला नकार दिला आणि होणारी मुले एकविसाव्या वर्षी मुक्त होतील, असे वचन घेऊनच त्या आल्या. सोळा वर्षांच्या मुलीने मालकाशी केलेली ही घासाघीस मला त्या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोठी वाटते.

जेफरसन १८२६ मध्ये वारले. मृत्युपत्राने पाच जण मुक्त झाले आणि पाचही पुरुष होते. सॅलींचे नाव त्यात नव्हते. त्या पाचांपैकी जोसेफ फॉसेट लोहार होते. त्यांची पत्नी एडिथ यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच स्वयंपाक शिकून पुढे मॉन्टिचेलोचे स्वयंपाकघर सांभाळले होते. जानेवारी १८२७ मध्ये याच टेकडीवर लिलाव झाला आणि जोसेफ यांच्या डोळ्यांदेखत एडिथ आणि मुले विकली गेली. आप्तांच्या मदतीने एडिथ आणि धाकटी दोन मुले त्यांना परत मिळवता आली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो दुसऱ्याच खरेदीदाराकडे गेला.