घोडा उधळला तर काय करायचं?

माथेरानची ट्रिप ठरली की घरातलं कोणी ना कोणी विचारतंच, अगं तू रायडिंग शिकलीयस ना, घोडा उधळला तर काय करायचं गं? आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी माझी फजिती.

शिकायला लागून तीनेक महिने झाले होते. मैदानात दुडक्या चालीत होतो, कुंपणावरची ताडपत्री वाऱ्याने फाडकन उडाली आणि घोडी जी सुटली! मी दोन्ही हातांनी लगाम खेचून धरला, पाय आवळले आणि पुढे वाकले, म्हणजे तिन्ही गोष्टी उलट्या. चारशे किलोचं जनावर, तुम्ही एकसारखं ओढत राहिलात की ते मान पुढे रेटतं, आणि पुढे वाकून पाय आवळले की त्याला वाटतं अजून पळायचंय. सर लांबून ओरडत होते, "मागे बस! ओढ, सोड! ओढ, सोड!"

तेच करायचं. बूड खोगिरात घट्ट, टाचा खाली, खांदे मागे, आणि ओढायचं, लगेच ढील द्यायची, परत ओढायचं. तरी ऐकत नसेल तर लगाम आखूड करून एका हाताची मूठ आयाळीत, मानेवर दाबून रोवायची, आणि दुसऱ्या हाताने लगाम वर-मागे झटक्यात खेचून सोडायचा. रोवलेल्या हातामुळे तुम्ही पुढे फेकले जात नाही आणि घोड्याची मानही एकीकडे वळत नाही. मोकळं मैदान असेल तर गोल फिरवायचं, पण आधी मोठा गोल, मग हळूहळू लहान. भरधाव घोड्याची मान एकदम वळवलीत तर तो तुमच्यासकट आडवा होईल. माथेरानच्या रस्त्यांवर गोल फिरवायला जागाच कुठंय, तिथे मूठवालाच उपाय.

किंचाळू नका, आणि पळत्या घोड्यावरून उडी तर अजिबात नको. अजून एक, रिकिबीत फक्त चवडा ठेवा. लोक चपला घालून पार टाचेपर्यंत पाय घुसवतात, मला बघूनच धस्स होतं, कारण पडलात आणि पाय अडकला तर फरफट.

माझी घोडी शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात आपणच थांबली. बोटांवर लगामाचे वळ चार दिवस होते. तेव्हापासून कुठल्याही घोड्यावर बसले की आधी चालत्या चालीत ती मूठ दोन्ही बाजूंनी करून बघते. मागच्या खेपेला माथेरानचा घोडेवाला हसायलाच लागला, "मॅडम, याला पळ म्हटलं तरी पळत नाय."