गोदीतली सैनिकपत्नी
दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या कैसर कंपनीच्या गोद्यांत ७४७ जहाजे बांधली गेली आणि ती बांधणाऱ्यांत नवरा आघाडीवर असलेल्या कितीतरी बायका होत्या. १९४२ च्या कायद्यानुसार साध्या शिपायाच्या पत्नीला दरमहा ५० डॉलर मिळत. त्यांतले २२ नवऱ्याच्याच पगारातून कापलेले असत, हे मला फार बोलके वाटते. एवढ्यात घर कसे भागणार? म्हणून मूल गोदीजवळच्या पाळणाघरात सोडून, चामड्याचे जाकीट चढवून ती पोलादी पत्रे सांधायला उभी राही आणि कामाची पाळी संपल्यावर, रेशनची कुपने मोजून झाली की, व्ही-मेल या सैनिकांसाठीच्या युद्धकालीन टपालाच्या एका कागदात मावेल तेवढेच पत्र लिही, जे मायक्रोफिल्मवर उतरून समुद्रापार जाई आणि छोट्या आकारात छापून त्याच्या हाती पडे. युद्ध संपताच गोद्यांतल्या बहुतेक स्त्रियांना घरी पाठवण्यात आले.