आप्पांनी न दिलेला निरोप

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. बीडमधल्या पाटोद्याकडं हे दरवर्षीचंच, टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच खर्च झालेली असते, मग ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरं सगळं भरायचं आणि सांगली-कोल्हापूरकडं ऊसतोडीला निघायचं, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलला हंगाम संपेपर्यंत तिकडंच. काल रात्री ओट्यावर बसून ट्रक बघता बघता आप्पांनी मला ती गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली.

तेव्हा स्कॉलरशिप चौथी आणि सातवीला असायची. आप्पा सातवीत, आणि त्यांचा जिगरी दोस्त गणितात त्यांच्या पुढं, काळ-काम-वेग तोंडी सोडवायचा. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. आजीने आप्पांना सांगितलं, त्याला म्हणावं परीक्षा होईस्तोवर आपल्याकडं राहा, दोन भाकरी जास्त थापीन. आप्पांनी हा निरोप दिलाच नाही. तो गेला की पहिला नंबर आपला, एवढंच डोक्यात होतं. आजीला येऊन सांगितलं, तो नाही म्हणतोय.

दोस्त परत आला तो शाळेत बसलाच नाही. पुढच्या हंगामात बापाच्या टोळीत अर्धा कोयता, लग्न झालं तसा पूर्ण, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात.

आप्पा पुढं मास्तर झाले. हंगामी वसतिगृहातल्या पोरांचं जेवण, अभ्यास सगळं स्वतः बघायचे, आणि 2021 साली सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली तेव्हापासून रिटायर असूनही गावोगावच्या पोरांचे फॉर्म भरून देतात. मला वाटायचं हा त्यांचा स्वभावच आहे.

मी म्हणालो आप्पा, तुम्ही पोरसवदा होता, सोडा आता. पण मनातून मला ते पटत नव्हतं. लहान होता हे आपण म्हणायला सोपं, कारण शाळा आपली सुटली नाही ना. शंभर पोरांचे फॉर्म भरले तरी त्या एकाला खरं काय ते सांगायचं राहतंच.

ते मागच्या हंगामात त्यांनी सांगितलं. तो दोस्त म्हणजे आमचे काका, आता मुलाच्या टोळीबरोबर बैलं बघायला जातात. आप्पा थेट कारखान्याच्या अड्ड्यावर गेले आणि त्यांच्या कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं बसून सगळं बोलले. काका बैलांना वाढं, म्हणजे उसाचे शेंडे टाकत होते, ते टाकून झालं मग म्हणाले, "मला वाटलं तुझी मायच नको म्हनली आसंल. लई वाट बघितली मी. म्हनून ती गेली तवा मातीलाबी आलो न्हाई."

आजी गेली तेव्हा काका गावातच होते. ते का आले नाहीत म्हणून घरात किती बोललं गेलं, आणि आप्पा तेव्हाही गप्प बसले. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. परीक्षेपेक्षाही.

यंदा काकांची सून तिच्या पोरीला आमच्याकडं ठेवून गेली. काका ट्रकमधून खाली उतरले नाहीत. आप्पा म्हणाले त्याने माफ केलं असं धरू नको, पोरीची शाळा बुडू नये म्हणून ठेवलीय, बास.

पोरगी पाचवीत आहे, अजून फार बोलत नाही. दुपारी तिने आईला फोन लावला तर फडात रेंज नव्हती, आप्पांनी मुकादमाचा नंबर मिळवून भिंतीवर लिहून ठेवलाय.