‘किरकोळ वाद’ लिहिलेल्या कागदावर मी सही केली नाही

घरगुती हिंसाचाराची तक्रार द्यायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "ताई, मारलंय काय त्यानं?" मी म्हटलं नाही. "दारू पितो?" नाही. "बाहेर काय भानगड?" मला माहीत असलेली तरी नाही. समोरच्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग अडचण काय आहे?"

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. पण ह्या एका प्रश्नापायी माझे अडीच महिने गेले आणि अजून आठवलं की डोकं तापतं. आत्ता कोणीतरी असल्याच बाकावर बसली असेल, तिला हे आधी माहीत असावं म्हणून सगळं लिहितीय.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. लग्न २०१८ चं, सासर उचगावला, माहेर मंगळवार पेठेत. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला माझ्या खात्यावर जमा व्हायचा आणि त्याच संध्याकाळी एटीएममधून निघायचा, कारण कार्ड नवऱ्याकडे. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच त्यांनी मागून घेतलं होतं, "तुला कशाला ताप, मी बघतो की सगळं." मला ते तेव्हा प्रेमच वाटलं होतं. मग दर दोन दिवसाला मला २०० रुपये मिळायचे आणि त्याचा हिशोब वहीत लिहायचा. दोनशे पानी वही, एका बाजूला मी लिहायचं, रात्री जेवण झालं की ते लाल पेनानं तपासायचे. कोथिंबीर १०, समोर लाल पेनात "कशाला?" केएमटी बस २०, समोर "सकाळी सोडलं होतं ना मी?" खाली सही आणि तारीख. दिवसभर कंपनीचे लाखाचे व्हाउचर मी पास करायची आणि घरी येऊन दहा रुपयाच्या कोथिंबिरीला उत्तर द्यायचं.

आईचा फोन स्पीकरवर घ्यायचा. ऑफिसातून निघताना लाइव्ह लोकेशन पाठवायचं. वहिनीशी बोलायचं नाही कारण "ती तुला शिकवते". मैत्रिणी तर दोन वर्षांत गेल्याच, कोणाचं लग्न म्हटलं की त्याच दिवशी ह्यांना बरं नसायचं. आवाज कधी चढवला नाही. नुसतं आठ-आठ दिवस बोलणं बंद, मग मीच माफी मागायची, कशाची ते मलाच कळायचं नाही. साखरपुडा ते लग्न चार महिने होते, त्यातसुद्धा दिवसाला आठ-नऊ फोन, कुठं आहेस, कोणासोबत आहेस, फोटो पाठव. घरात सगळे म्हणायचे, "किती काळजी करतोय गं!" ज्यांच्या घरात मुलगी लग्नाची आहे त्यांनी ह्याच्याकडं खरंच बघावं. काळजी करणारा माणूस "पोचलीस का" विचारतो आणि गप बसतो. फोटोचा पुरावा मागत नाही.

घर सोडलं ते २०२३ च्या दिवाळीनंतर. ते कसं ह्यावर जास्त लिहीत नाही, लेकीला ताप होता आणि औषधाच्या बिलावर लाल पेन चाललं, एवढंच. ते कामाला गेल्यावर लेक, तिचं दप्तर, माझी कागदपत्रं घेऊन रिक्षात बसले. दप्तरात हिशोबाची वही पण होती. मंगळवार पेठेत उतरले, रिक्षावाल्याला पैसे दिले, आणि दारात उभी राहून मी वही काढली आणि लिहिलं, रिक्षा १२०. दादानं ते बघितलं. त्यानं काही विचारलं नाही, नुसती लेकीला कडेवर घेतली.

आई मात्र रात्री म्हणालीच, "अगं पण मारत तर न्हाई न्हवं?"

म्हणजे घरात तोच प्रश्न, ऑफिसात तोच. पोलीस ठाण्यातही तेच झालं, तिथं एक एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडं जा म्हणाले. तेवढं बरोबर सांगितलं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात हे पद आहे, महिला व बालविकास विभागाकडून नेमलेलं असतं, आणि ते तुमची हकीकत एका ठरलेल्या नमुन्यात लिहून कोर्टाला पाठवतात. त्या कागदाला सगळे डीआयआर म्हणतात. माझं सगळं घोडं तिथंच अडलं.

पहिल्या फेरीचं वर सांगितलंच. दुसऱ्या फेरीला अधिकारी मॅडम व्हिडिओ कॉन्फरन्सला होत्या, तिसऱ्याला मीटिंगला, चौथ्याला "मंगळवारी या", मंगळवारी गेले तर "आज शिबिर आहे". प्रत्येक फेरीला माझा अर्ध्या दिवसाचा पगार कटत होता. अर्ज दिलेला त्याची पोच मी घेतली नव्हती, त्यामुळं चौथ्या वेळी तर अर्जच सापडेना. कृपा करून अर्जाच्या दोन कॉपी न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मी अकाउंट्समधली असून हे चुकले कारण त्या दिवशी माझे हात थरथरत होते, एवढंच कारण.

शेवटी सहाव्या फेरीला लिहून घ्यायला बसले. तिथले कर्मचारी म्हणाले, "तारीख, वेळ, ठिकाण सांगा." मी म्हटलं रोजच. "रोजच असं नाही लिहिता येत, घटना सांगा." आता सहा वर्षांची घटना कशी सांगायची? मी म्हटलं, माझा पगार ते काढून घेतात. "नवरा-बायकोत एकच खातं असतंय की." आईशी बोलू देत नाहीत. "बंदी घातलीय काय? फोन तर करता न्हवं?" मग त्यांनी आपलं आपणच लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी वाचला. त्यात होतं, ‘पती-पत्नीमध्ये घरखर्चावरून किरकोळ वाद. मारहाण नाही.’ खाली सहीची जागा.

मी सही केली नाही. मला वाटलं तिथंच रडू येईल, पण आलं नाही, उलट एकदम थंड झाले आणि म्हटलं, हे माझं म्हणणं नाही, मी ह्याच्यावर सही करणार नाही. ते म्हणाले, "मग परत या, विचार करून." मी अजून तासभर त्या बाकावर बसले. शेजारी एक मावशी होत्या, त्यांच्या दंडावर हिरवंनिळं पडलेलं, त्यांना लगेच आत घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं की मला पण असं काहीतरी दाखवायला असतं तर बरं झालं असतं. बाई मार न खाल्ल्याचं वाईट वाटून घेते! त्या ऑफिसचा मला राग आहे तो ह्याचा.

बाहेर आल्यावर वहिनीनं १८१ ला, महिला हेल्पलाइनला, फोन लावायला लावला. तिकडच्या ताईंनी शांतपणे ऐकलं आणि आधी काही प्रश्न विचारले, कधी गळ्याला हात लावलाय का, जीव द्यायची नाहीतर जीव घ्यायची धमकी दिलीय का, आत्ता जिथं आहात तिथं येऊ शकतो का. गळा दाबणं एकदा जरी झालं असलं तरी ते फार धोक्याचं लक्षण असतं, पुढं जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या बाबतीत नव्हतं, पण ज्यांच्या बाबतीत आहे त्यांनी फॉर्मची वाट बघू नका, सरळ ११२ लावा आणि कोल्हापुरात असाल तर सीपीआर हॉस्पिटलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या, केसपेपर जपून ठेवा. घर सोडतानाचे आणि नंतरचे दिवस जास्त जोखमीचे असतात हेही त्याच बोलल्या. राहायला माहेर नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथंच पोलीस, दवाखाना, वकील सगळ्याची मदत मिळते.

त्यांनीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवलं. माझा समज होता की मला पगार आहे म्हणजे फुकट वकील मिळणार नाही. तसं काही नाही, बाईला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे ते. तिथं ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी माझ्यासमोर त्या डीआयआरचा कोरा नमुना ठेवला आणि म्हणाल्या, "वाचा तुम्हीच." हा छापील नमुना, २००६ च्या नियमांतला. मारहाणीचा रकाना आहेच, पण त्याच्या खाली लैंगिक, मग शाब्दिक आणि भावनिक, मग आर्थिक असे वेगवेगळे रकाने. ‘तुमचा पगार किंवा मजुरी जबरदस्तीनं काढून घेणे’ असं चक्क लिहिलेलं. ‘ठराविक व्यक्तीला भेटू न देणे’ लिहिलेलं. ‘घराबाहेर पडू न देणे’ लिहिलेलं. चारित्र्यावर संशय, नोकरीत अडथळा, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, सगळं. माझी सहा वर्षं त्या कागदावर आधीच छापलेली होती आणि तोच कागद समोर ठेवून मला विचारलं होतं की अडचण काय आहे! हा कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. आणि आमच्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१९ मध्येच बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, मॅडम म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

"पण मॅडम तारखा?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, काही लिहून ठेवलंय का, डायरी, मेसेज? आणि मला वही आठवली.

त्या रात्री मी लेकीला झोपवून वही उघडली. अकरा महिन्यांची होती. प्रत्येक पानावर तारीख, आणि ती पण त्यांच्याच हस्ताक्षरात, लाल पेनात, सहीसकट. बँकेत जाऊन तीन वर्षांचं स्टेटमेंट आणलं होतं, ते शेजारी ठेवलं. ७ तारखेला जमा, ७ तारखेला काढले, छत्तीस महिन्यांत चौतीस वेळा असंच. मग एक्सेलमध्ये तारीख, काय झालं, पुरावा कुठल्या पानावर, असं बसवलं. वहिनी चहा करून देत होती. चार रात्री लागल्या, ९३ नोंदी झाल्या. खरं सांगते, त्या चार रात्रींत मला माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. ज्यानं मला वही लिहायला लावली त्याच्याच सहीनं माझ्या तारखा भरल्या.

सातव्या फेरीला वकील मॅडम सोबत आल्या आणि नमुना आम्ही भरूनच नेला. वीस मिनिटांत घेतला. तेच टेबल, तीच माणसं.

ह्यात मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढं कळलेल्या गोष्टीची. डीआयआर नसला तरी बाई स्वतः वकिलामार्फत कलम १२ खाली थेट मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करू शकते. तो कागद असेल तर कोर्ट विचारात घेतं, पण तो नाही म्हणून दार बंद नसतं. अडीच महिन्यांत हे एकानंही मला सांगितलं नाही. तर तुम्ही ऑफिसच्या फेऱ्या मारत बसू नका, दोन्ही वाटा एकदम धरा. माहेरी राहात असाल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, तात्पुरतं राहात असलात तरी.

कोर्टाचं थोडक्यात सांगते. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं आहे, तेवढ्या वेगात काही होत नाही, पण अंतरिम आदेश आधी मागता येतो, तो नक्की मागा. मला जून २०२४ मध्ये मिळाला. माझ्या कंपनीत किंवा माहेरी येऊन त्रास द्यायचा नाही, फोन करायचा नाही, आणि लेकीच्या खर्चाला दरमहा ८,००० रुपये. असा संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळं आदेशाची कॉपी पर्समध्ये आणि फोटो दादाकडं. कॉपी फुकट मिळते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टानं २०२० पासून ते बंधनकारक केलंय. ह्यांचं शपथपत्र आलं तेव्हा मी शांतपणे प्रत्येक ओळ तपासली. निळ्या पेनानं.

मूळ केस चालू आहे, दागिने अजून मिळालेले नाहीत, पुढची तारीख लागलीय.

कोणी कोणी विचारतात की भांडण आणि हे ह्यात फरक काय. भांडणात दोघं बोलतात, नंतर तुम्ही आईला फोन करून रडू शकता. माझ्याकडं फोनच मोकळा नव्हता. घरात निर्णय घ्यायच्या आधी तुम्ही त्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेता का, स्वतःच्या पैशातून दहा रुपये खर्चताना पोटात गोळा येतो का, तेवढं बघा.

आणि हो, सिमचं सांगायचं राहिलंच. निघायच्या आधीच हे करायला हवं होतं. माझं सिम त्यांच्या नावावर होतं आणि बँकेला, आधारला तोच नंबर जोडलेला, त्यामुळं मी नवीन पिन घालायला गेले की ओटीपी त्या सिमवर यायचा, आणि ते सिम त्यांनी तिसऱ्याच दिवशी बंद करून स्वतः काढून घेतलं. आधी स्वतःच्या नावावर नवीन सिम, मग आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणं, मग पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं आणि कंपनीला पत्र, ह्याच क्रमानं करा. व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, माझ्या खात्याला त्यांचा लॅपटॉप जोडलेला निघाला. आणि गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग. पण निघायच्या आदल्या दिवशी ते बंद करू नका, लगेच लक्षात येतं. सुरक्षित जागी पोचलात की करा. वहीचे, मेसेजचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, विश्वासातल्या एका माणसाला पाठवून इकडचे पुसून टाका. माझे वहिनीच्या फोनमध्ये होते, जिच्याशी बोलायला मला बंदी होती.