तिथीची पाऊणपट

त्रयोदशीच्या पहाटे गाऱ्हाणं झालं. ‘व्हय महाराजा’ म्हणून सगळ्यांनी हुंकार दिला, निशाण पुढे गेलं आणि आचऱ्याची खाडी मागे टाकून देवस्वारी मुणग्याच्या वाटेला लागली. देवगडच्या किनाऱ्यावरच्या शिवमंदिरी, कुणकेश्वरी, पोचायचं ते शिवरात्रीला, आणि देवाचं तीर्थस्नान अमावास्येला.

पहिले दोन तास आंब्याच्या कलमांच्या बागांतून. या दिवसांत एकाच झाडावर मोहोर, वाटाण्याएवढी आणि सुपारीएवढी फळं असं सगळं दिसतं. एका बागेत पालखी टेकवली आणि सगळ्यांचे खांदे चिकट झाले. तुडतुड्याचं काम. तो मोहोरातला रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. चिकट्यावर काळी बुरशी धरली की पानं काजळी फासल्यासारखी दिसतात. फवारणी बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना चुकली, तर पुढे कितीही औषध मारा, गेलेला मोहोर परत येत नाही. उन्हाचा एखादा झटका आला की सुपारीएवढी फळंही गळतात. वाटेवर त्यांचाच सडा होता. अनवाणी पायाखाली त्या गोट्या आल्या की देवाचं नाव तोंडात येतं, पण भक्तीने नव्हे.

मग जांभ्याच्या कातळाचा उघडा माळ, म्हणजे आमच्याकडचा सडा, लागला. जांभ्याचं कौतुक घर बांधणाऱ्याने करावं: खाणीत कापताना चिरा नरम असतो, हवा लागली की कडक होतो. पण उघड्या कातळावर पावसाने मऊ भाग धुऊन गेलेला असतो आणि लोहाचे टणक दाणे वर उभे राहतात. अकरानंतर तो काळपट दगड तव्यासारखा तापतो. कुठे गवताची पट्टी दिसली की सगळे तिच्यावर एका रांगेत. मागे कोणीतरी कर्णा लावून भजनाची वाट लावत होता, आणि देवावरची छत्री, अबदागीर, कोणी धरायची यावर मानकऱ्यांत कुजबुज चालली होती. ढोल वाजला की हे सगळं विसरायला होतं. ढोल थांबला की टाचेचा फोड आठवतो.

मिठबावच्या अलीकडे मी मागे पडलो. एका घराच्या खळ्यात म्हातारी बांगडे मिठात घालत बसली होती. पायाकडे बघून म्हणाली, “खय चललंस रे? बस वायच. पाणी आता उतरता हा. दीड वाजल्यार ओले रेवेतसून चल.”

उकड्या तांदळाची पेज आणि मीठ समोर आलं. फोड फोडू नको, एवढं बजावून तिने खोबरेल दिलं आणि हात पुन्हा माशात घातला. पोट चिरायचं, कल्ले काढायचे, रक्त धुऊन टाकायचं, मग पोटात आणि कल्ल्यांच्या जागी मीठ दाबून भरायचं. तीन-चार भाग माशाला एक भाग मीठ. त्याहून कमी घातलं तर काट्यालगतचं मांस आधी बिघडतं. वाळवण मांडवावर, कारण वाळूवर टाकलं की कण चिकटतात. संध्याकाळी झाकायचं, नाहीतर दव लागून बुरशी येते. बांगडा रापणीचा होता. किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर ओढून जाळं आणायचं, आणि दोराला हात लावलेल्या परक्यालाही मूठभर मासळी द्यायची, ही रीत अजून आहे. मासळी मात्र पूर्वीएवढी किनाऱ्याला लागत नाही. पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी यांचा विषय निघाला की तिचा आवाज चढला, आणि पेजेचा तिसरा वाडगा आला.

दीडची गोष्ट तिने घड्याळ बघून सांगितली नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तेराची पाऊणपट पावणेदहा. तेव्हा भरती पूर्ण, त्यापुढे सहा तास ओहोटी. वाऱ्याने थोडं मागेपुढे होतं. भरती असताना वरची कोरडी वाळू वाट्याला येते, तिच्यात पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि पोटऱ्या भरून येतात. पाणी उतरताना मागे राहिलेली ओली वाळू मात्र घट्ट आणि गार असते.

पावणेदोनला निघालो. मिठबावची वाळू, गजबादेवीला लांबून हात, तांबळडेग. उजवीकडे सुरू, डावीकडे उतरतं पाणी, आणि पुढे कुठेतरी आपलाच ढोल. फोडाला खारं पाणी लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, मग ते थांबेचना. कशाचं होतं कोण जाणे.

कुणकेश्वराला गर्दी नेहमीचीच. दर्शन झालं. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या आधीच पहाटेच्या ओहोटीला खडकांतली शिवलिंगं उघडी पडली, तरंग, म्हणजे देवांचे वस्त्रं नेसवलेले खांब, पाण्याशी उतरले आणि गुलालाच्या चिखलात माझा पाय सापडेना.

परतायचं प्रतिपदेला. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे ऐन दुपारी भरती, घट्ट वाळू पाण्याखाली, आणि वाट पुन्हा कातळावरून.