आवाज कमी केला की टच चालतो

बाबांच्या कॅसेटचे खोके मी गेल्या दिवाळीत रिकामे करायला घेतले. त्यात नाट्यगीते होती, ख्यालगायनाच्या मैफिली होत्या आणि नातेवाइकांच्या बारशात कोणीतरी भरलेले बरेच निरुपयोगी आवाजही होते. हे सगळे संगणकावर उतरवून झाल्यावर प्रश्न राहिला तो बाबांनी ते ऐकायचे कशावर, हा. मोबाइलवर गाणे शोधणे त्यांना मुळीच आवडत नाही; त्यांना समोर एक पेटी हवी होती, जिला आवाजाचे फिरते बटण असेल आणि काय वाजते आहे ते दिसेल. म्हणून घरात पडून असलेला रास्पबेरी पाय 3 बी प्लस (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय'), पीसीएम5102ए चिप असलेला लहानसा डॅक (संगणकातल्या आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारा भाग), साडेतीन इंची टचस्क्रीन आणि एक रोटरी एन्कोडर, म्हणजे आवाजाचे फिरते बटण, एवढ्या सामानातून सागवानी पेटीतला प्लेअर बनवायचे मी ठरवले. स्क्रीन आणि एन्कोडर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणले, पेटी सुताराकडून करून घेतली. प्रणाली म्हणून पायकोअरप्लेअर निवडली, कारण ती पूर्णपणे रॅममध्ये चालते आणि वीज अचानक गेली तरी मेमरी कार्ड खराब होण्याची भीती फारशी राहत नाही. पडद्यावर दिसणारा जाइव्हलाइट हा प्रोग्राम लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स प्लेअरच्या वंशातला आहे. ते प्लेअर कंपनीने 2012 मध्ये बंद केले, पण त्यांची सॉफ्टवेअरे हौशी लोकांनी आजतागायत जिवंत ठेवली आहेत.

पहिल्याच दिवशी गाणे वाजले, पडद्यावर नावही उमटले, आणि टच मात्र लहरीपणाने वागू लागला. यादीतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवले की ती ओळ उजळत असे आणि तशीच उजळलेली राहत असे. गाणे सुरू होत नसे. कधी पेटी चालू केल्यापासून टच पूर्ण निर्जीव असे, तर कधी तासभर अगदी शहाण्यासारखा चाले. मी सर्वप्रथम दोष विजेला दिला, कारण पडद्याच्या कोपऱ्यात कमी दाबाची खूण असलेली पिवळी वीज अधूनमधून चमकत होती. मी मोबाइलचा जुना चार्जर वापरला होता. पायला मिळणारा दाब 4.63 व्होल्टच्या खाली गेला की ती खूण येते. 5.1 व्होल्ट आणि 2.5 अँपिअरचा योग्य अडॅप्टर लावल्यावर खूण गेली, टचचे वागणे मात्र जसेच्या तसे राहिले. दोष एकाच वेळी दोन असू शकतात, हे तेव्हा ध्यानात न घेतल्यामुळे मी पुढचा निष्कर्ष घाईने काढला: स्क्रीनच खराब आहे. दुसरी स्क्रीन मागवली, बसवली, आणि तीही हुबेहूब तशीच वागली.

याच सुमारास बाबा एकदा म्हणाले, "अरे, आवाज कमी केला की हे चालतं बघ."

"बाबा, आवाजाचा आणि स्क्रीनचा काही संबंध नाही," असे मी त्यांना जरा तोऱ्यातच सांगितले. या वाक्याची किंमत मी पुढे आठ दिवस मोजली.

या स्वस्त स्क्रीनचा टच रेझिस्टिव्ह प्रकारचा असतो, म्हणजे मोबाइलसारखा बोटातील विद्युतभार ओळखणारा नसतो. त्यात पारदर्शक वाहक थर दिलेले दोन पापुद्रे सूक्ष्म अंतरावर असतात; दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात, आणि टेकलेल्या जागेचा विद्युतदाब एक्सपीटी2046 नावाची चिप मोजून 0 ते 4095 यांमधला आकडा देते. (कणीक मळता मळता आई बोटाच्या पेराने गाणे बदलते, ते याच जातीच्या पडद्यामुळे शक्य होते, मोबाइलच्या काचेला पिठाचे बोट नीट कळतेच असे नाही.) ही चिप पायला आकडे एसपीआयच्या, म्हणजे दोन चिपांमधल्या संवादाच्या, तारांवरून पाठवते. मात्र सतत आकडे विचारत बसण्याचे काम पायला पडू नये म्हणून तिची आणखी एक स्वतंत्र तार असते. कोणी पडदा दाबला नसेल तेव्हा त्या तारेवर 3.3 व्होल्ट असतात. दाबताच ती शून्यावर येते. ती शून्यावर आली की पायचा ड्रायव्हर (टच हाताळणारा प्रोग्राम) जागा होतो, आकडे वाचू लागतो, आणि ती पुन्हा वर गेली की बोट उचलले गेले असे समजतो. या सगळ्याची मला कल्पना होती, पण कल्पना असणे आणि दोष शोधताना ती आठवणे यांत फरक पडतो.

अखेर मी पेटी उघडून संगणकावरून पायमध्ये शिरलो आणि ईव्हीटेस्ट हे साधन चालवले. पडद्याला स्पर्श झाला की हे साधन ड्रायव्हरकडून आलेली प्रत्येक नोंद ओळीने दाखवते. बोट ठेवले तेव्हा आडव्या-उभ्या जागेचे आकडे व्यवस्थित आले, दाबाचा आकडा आला आणि स्पर्शाची नोंद 1 झाली. बोट उचलले, तेव्हा ती नोंद 0 व्हायला हवी होती. ती झालीच नाही. म्हणजे पडदा, त्याची चिप, एसपीआयच्या तारा हे सगळे निर्दोष होते, आणि पायला फक्त बोट उचलल्याचे कळत नव्हते. मी खुर्चीत मागे टेकलो आणि चाळा म्हणून आवाजाचे बटण एक खटका फिरवले. त्याच क्षणी स्पर्शाची नोंद 0 झाली आणि मघापासून उजळून राहिलेले गाणे वाजू लागले.

बाबांचे वाक्य मला तेव्हा शब्दशः आठवले. पुढची दहा मिनिटे मी केवळ बटण एकेक खटका फिरवून पडद्याला हात लावत होतो: एका खटक्यावर टच चाले, पुढच्यावर अडके, त्याच्या पुढच्यावर पुन्हा चाले. माझ्या एन्कोडरला एका फेरीत 30 खटके आणि 15 स्पंद आहेत, म्हणजे त्याचे आतले दोन्ही संपर्क एका खटक्यावर उघडे असतात आणि पुढच्या खटक्यावर जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडलेले राहतात. बाबांनी आवाज कमी केला काय किंवा वाढवला काय, बटण योग्य खटक्यावर येऊन थांबले की टच सुरळीत होत होता. ते रात्री आवाज कमी करतात म्हणून त्यांना तो कमी करण्याशी जोडलेला वाटला, इतकेच.

एन्कोडरच्या एका संपर्काने टचची जागे करणारी तार जमिनीला धरून ठेवली होती, हे आता उघड होते. पण ती तार एकच कशी झाली, हा प्रश्न उरला होता, कारण जोडणी करण्यापूर्वी मी तक्ता करून प्रत्येक पिन तपासली होती. डॅकसाठी जीपीआयओ (पायच्या जोडणीच्या पिना) 18, 19 आणि 21 या तारा राखल्या होत्या आणि त्यांना मी कुठेही धक्का लावला नव्हता. एन्कोडरला 17 आणि 27 दिल्या होत्या. स्क्रीनच्या विक्रेत्याने दिलेल्या कागदावर टचच्या त्या तारेसमोर 11 हा आकडा होता, आणि 11 तर एसपीआयचे घड्याळ (आकडे कोणत्या ठेक्यावर पाठवायचे ते सांगणारी तार), ते स्क्रीनकडे आहेच, असे म्हणून मी तिथे बरोबरची खूण केली होती. चूक नेमकी त्या खुणेत होती. रास्पबेरी पायच्या पिनांना दोन क्रमांक असतात: एक पिनांच्या पट्टीवरील जागेचा, 1 ते 40, दुसरा चिपच्या आतला, ज्याला जीपीआयओ म्हणतात. जीपीआयओ 11 म्हणजे एसपीआयचे घड्याळ हे खरे, पण ते पट्टीवर 23 व्या जागी असते. कागदावरचा 11 हा पट्टीवरील जागेचा क्रमांक होता, आणि पट्टीवरील 11 वी जागा म्हणजे जीपीआयओ 17. माझा सगळा तक्ता जीपीआयओ क्रमांकांचा होता. त्यातली एकच ओळ दुसऱ्या भाषेतली होती, आणि दुर्दैवाने त्या दुसऱ्या भाषेतल्या आकड्याला माझ्या भाषेतही पटणारा अर्थ होता. तिथे 36 असता तर मी तत्काळ थबकलो असतो, कारण पायच्या पट्टीवर जीपीआयओ 27 च्या पुढे जातच नाहीत.

मल्टिमीटरने हे पक्के करून घेतले. बटण एका खटक्यावर असताना 11 व्या पिनवर 3.3 व्होल्ट, पडदा दाबला की शून्य, सोडला की परत 3.3, बटण पुढच्या खटक्यावर नेले की पडद्याला हात न लावताच शून्य आणि काही केल्या शून्यच. पेटी या दुसऱ्या खटक्यावर चालू झाली तर तार वरून खाली येण्याची घटनाच घडत नसे, म्हणून ड्रायव्हर कधी जागाच होत नसे. चालू केल्यापासून निर्जीव असलेल्या टचचे कोडेही त्यामुळे सुटले. कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, या भांडणाची तक्रार का केली नाही, असे मला आधी वाटले होते. पण एन्कोडर वाचणारा माझा प्रोग्राम कर्नलला विचारून पिन घेत नाही, तो थेट चिपच्या आतल्या रजिस्टरमध्ये (पिनांची स्थिती जिथे नोंदलेली असते तिथे) डोकावतो, म्हणून एकाच पिनवर दोघे बसले आहेत हे कर्नलच्या कानावर गेलेच नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. स्क्रीन पट्टीच्या पहिल्या 26 पिना झाकते, त्यामुळे डॅकच्या तारेसाठी 12 व्या पिनला मी पायच्या खालच्या बाजूने डाग दिला होता, आणि सोल्डरिंग आयर्न हातात आहेच म्हणून शेजारच्या 11 आणि 13 वर एन्कोडरही उरकून टाकला होता. आता ते डाग सोडवून एन्कोडर उघड्या भागातल्या 29 आणि 31 या जागांवर, म्हणजे जीपीआयओ 5 आणि 6 वर नेला. मधली 30 वी पिन जमिनीचीच असल्याने तिसरी तारही तिथेच बसली. त्यानंतर टच एकदाही अडकला नाही.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे स्पर्शाची जागा पडद्यावरच्या जागेशी जुळवण्याचा, भाग मात्र थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. पेटीत स्क्रीन उलटी बसवल्यामुळे डावीकडे दाबले की उजवीकडचे बटण दाबले जाई. टीएसलिब या टचसाठीच्या सॉफ्टवेअरचे कॅलिब्रेशन चालवून चार कोपऱ्यांतल्या आणि मध्यभागीच्या अशा पाच फुल्यांवर जुन्या पेनाच्या बोथट टोकाने दाबल्यावर ते सरळ झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटे! ही प्रणाली रॅममध्ये चालते, हे कौतुकाने सांगणारा मीच, आणि कॅलिब्रेशनच्या आकड्यांची फाइल जपायच्या यादीत टाकून बॅकअप घ्यायला विसरणारा मीच. फाइलचे नाव यादीत घालून बॅकअपची आज्ञा दिल्यावर ते प्रकरण मिटले.

शेवटचा त्रास सुताराच्या सुबकपणाने दिला. पेटीचे झाकण लावले की काही न करता डाव्या कडेवर स्पर्श नोंदवला जाई. झाकण काढले की थांबे. यावेळी मी थेट ईव्हीटेस्ट उघडले, आडव्या जागेचा आकडा सारखा एकाच टोकाला चिकटलेला दिसला, आणि कारण लगेच कळले: लाकडी चौकट पडद्याच्या कडेवर टेकून तिथले पापुद्रे एकमेकांना चिकटवत होती. चौकट आतून मिलिमीटरभर घासली आणि पडद्याच्या मागे, कडेपासून लांब, फोमची पट्टी लावून त्याला टेकू दिला. पावसाळ्यात सागवान किंचित फुगले तरी अडचण येऊ नये म्हणून अर्धा मिलिमीटर जास्तच घासले आहे. त्यामुळे एका बाजूने बारीक फट दिसते, आणि ती सुताराला अजिबात आवडलेली नाही.

पेटी बाबांच्या खोलीत ठेवली तेव्हा त्यांनी आधी बटण पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवले, प्रत्येक वेळी पडद्यावर एकेक गाणे लावून पाहिले, आणि म्हणाले, "आता संबंध नाही."

विनाकारण घेतलेली स्क्रीन पेटीतच राहिली; पहिली, निर्दोष असलेली, कपाटात आहे. तिच्याबरोबर आलेल्या कागदावर 11 च्या पुढे मी लाल पेनाने 17 लिहून ठेवले आहे.